मार्टिन्सव्हिलची 500 फेऱ्यांची शर्यत कशी पाहावी

अमेरिकेतील नॅस्कार या मोटारशर्यतींच्या मालिकेशी पहिल्यांदाच गाठ पडलेल्या मराठी प्रेक्षकाची तक्रार बहुधा ठरलेली असते. गाड्या सदान्‌कदा डावीकडेच वळतात, घिरट्या घालत राहतात आणि तीन-साडेतीन तास उलटले तरी नेमके काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही. ही तक्रार अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण दोन-अडीच मैलांच्या मोठ्या ट्रॅकवरील काही शर्यती मलाही कंटाळवाण्या वाटतात. एक मैलापेक्षा कमी लांबीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवरील शर्यत, म्हणजेच शॉर्ट ट्रॅकची शर्यत, हा मात्र निराळा प्रकार आहे आणि तो समजून घ्यायचा असेल तर व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सव्हिल स्पीडवेपासून सुरुवात करावी. तेथील शर्यत पाहताना पहिल्या क्रमांकाच्या गाडीचा नाद सोडावा. ब्रेक कोण जपतो आहे, आतली लेन कोणाला मिळते आहे आणि एका फेरीने मागे पडण्याचे संकट कोण टाळतो आहे, या तीन गोष्टींवर लक्ष ठेवले तर बाकीची शर्यत आपोआप उलगडत जाते.

आधी ट्रॅक समजून घ्यावा

एच. क्ले अर्ल्स यांनी 1947 मध्ये हा ट्रॅक सुरू केला तेव्हा तो मातीचा होता. 1955 मध्ये त्यावर डांबर पडले आणि 1976 मध्ये वळणांवर काँक्रीट आले. नॅस्कारची सर्वोच्च मालिका 1949 मध्ये सुरू झाली, आणि त्या पहिल्या हंगामातील ट्रॅकपैकी आजही वेळापत्रकात खंड न पडता टिकून राहिलेला हा एकमेव ट्रॅक आहे. त्याची लांबी 0.526 मैल, म्हणजे जेमतेम 847 मीटर असून आकारामुळे त्याला पेपरक्लिप असे टोपणनाव पडले आहे. सुमारे 245 मीटरचे दोन सरळ भाग, त्यांना जोडणारी दोन आवळ वळणे आणि त्या वळणांना आतल्या बाजूला अवघा 12 अंशांचा उतार, एवढाच हा सारा पसारा आहे.

हा 12 अंशांचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. टेनेसी राज्यातील ब्रिस्टॉलचा ट्रॅक लांबीने जवळजवळ एवढाच, 0.533 मैलांचा आहे, पण तेथील वळणांचा उतार 24 ते 28 अंशांचा असल्यामुळे वळणावर ट्रॅकच गाडीला धरून ठेवतो आणि एक फेरी साधारण 15 सेकंदांत संपते. मार्टिन्सव्हिलला तसा आधार मिळत नाही. सरळ भागात ताशी 190 किलोमीटरच्या आसपास पोहोचलेली, दीड टन वजनाची गाडी वळणाच्या पोटात जवळपास निम्म्या वेगावर आणावी लागते आणि तेथून पुन्हा पळवावी लागते. एका फेरीला यासाठी सुमारे 20 सेकंद लागतात आणि प्रत्येक फेरीत दोनदा जोरदार ब्रेक दाबावा लागतो. 500 फेऱ्यांच्या शर्यतीत ही संख्या एक हजारावर जाते. शरद ऋतूतील शर्यत 500 फेऱ्यांची असते, तर वसंतातील शर्यत 2022 पासून 400 फेऱ्यांची झाली आहे. माझे मत विचारल्यास नवख्या प्रेक्षकाने शरदातील शर्यतच निवडावी, कारण ब्रेक आणि स्वभाव या दोन्हींची खरी परीक्षा शेवटच्या शंभर फेऱ्यांत होते.

ब्रेक आणि टायर

पहिल्या पन्नास फेऱ्यांत कोण पुढे आहे याला फारसे महत्त्व देऊ नये. त्याऐवजी एकच वळण निवडावे, शक्यतो तिसरे (प्रत्येक आवळ वळण दोन वळणे म्हणून मोजतात, पलीकडच्या सरळ भागानंतर लागते ते तिसरे), आणि प्रत्येक गाडी कोणत्या ठिकाणी ब्रेक लावते ते पाहत राहावे. उशिरा ब्रेक लावणारा चालक धाडसी वाटतो, त्याची गाडी वळणाच्या तोंडाशी पुढच्या गाडीला जवळजवळ चिकटते आणि समालोचकही त्याचे कौतुक करतात. पण त्याची गाडी वळणात बाहेर सरकत जाते, त्याला पुन्हा गॅस द्यायला उशीर होतो आणि सरळ भागात त्याने कमावलेले अंतर तो गमावून बसतो. याउलट थोडा आधी ब्रेक लावून गाडी आतल्या कर्बच्या कडेने अलगद फिरवणारा आणि इतरांच्या आधी गॅसवर पाय ठेवणारा चालक संथ दिसतो खरा, परंतु दोनशेव्या फेरीनंतर बहुधा तोच पुढे सरकलेला असतो. सूर्य कलल्यावर गाड्या वळणात शिरताना चाकांच्या आतल्या ब्रेकच्या तबकड्या तापून नारिंगी झालेल्या उघड्या डोळ्यांनी दिसतात. ज्या गाडीच्या चाकांतला हा उजेड सरळ भाग अर्धा उलटला तरी विझत नाही, तिच्या चालकाने ब्रेकची पुंजी वेळेआधी खर्च केली आहे असे समजण्यास हरकत नाही.

टायरची गोष्टही याच हिशेबाला जोडलेली आहे. सगळ्या संघांना टायर एकाच कंपनीकडून, गुडइयरकडून मिळतात. त्यामुळे फरक पडतो तो वापरात. टायरचे रबर आतल्या मार्गावर घासून बसते आणि उरलेले रबराचे गोळे बाहेरच्या बाजूला साचत जातात. कसोटी सामन्यात पाचव्या दिवशीची खेळपट्टी जशी पहिल्या दिवसासारखी राहत नाही, तसाच हा ट्रॅक तीनशेव्या फेरीला सुरुवातीसारखा राहिलेला नसतो. बाहेरच्या लेनमध्ये ढकलली गेलेली गाडी या गोळ्यांवरून घसरू लागते आणि आतल्या गाड्या एकामागून एक निघून जाताना चालकाला नुसते पाहत बसावे लागते. रेडिओवर चालक गाडी ‘टाइट’ किंवा ‘लूज’ असल्याची तक्रार करतात. पहिल्या प्रकारात स्टिअरिंग फिरवूनही गाडीचे नाक वळत नाही, दुसऱ्यात गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. या तक्रारी ऐकून पुढच्या पिट स्टॉपला, म्हणजे टायर बदलण्यासाठी गाडी ट्रॅकबाहेरच्या पिटमध्ये थांबते तेव्हा, संघ काय बदल करतो आणि त्यानंतर त्या गाडीच्या फेरीची वेळ सुधारते की बिघडते, हे पाहणे आकडेवारीची आवड असलेल्यांना विशेष रुचेल.

काँक्रीटचाही एक किस्सा सांगण्यासारखा आहे. एप्रिल 2004 मधील शर्यतीत वळणावरील काँक्रीटचा एक तुकडा उखडला, तो जेफ गॉर्डन यांच्या गाडीला लागून गाडीचे नुकसान झाले आणि ट्रॅकची डागडुजी होईपर्यंत शर्यत लाल झेंड्याखाली थांबवून ठेवावी लागली. इतक्या वजनदार गाड्या दिवसभर एकाच जागी ब्रेक लावतात तेव्हा जमिनीलाही तो भार पेलवत नाही.

एका फेरीने मागे पडणे

मैदानात साधारण 36 ते 38 गाड्या असतात. 847 मीटरच्या ट्रॅकवर त्या समान अंतराने पसरल्या तर दोन गाड्यांमध्ये पंचवीस मीटरही जागा उरत नाही. याचा परिणाम असा की हिरवा झेंडा पडल्यावर थोड्याच वेळात आघाडीची गाडी शेवटच्या गाडीच्या मागे येऊन पोहोचते. जी गाडी प्रत्येक फेरीत आघाडीच्या गाडीपेक्षा सेकंदाच्या तीन दशांशांनी मंद आहे, ती सुमारे 67 फेऱ्यांत पूर्ण एका फेरीने मागे पडते. तीन दशांश म्हणजे डोळ्यांना जाणवणारही नाही इतका फरक, पण या ट्रॅकवर तेवढ्याने दिवस वाया जाऊ शकतो.

म्हणून पंधराव्या-विसाव्या क्रमांकावरील झुंज वाटते तितकी फालतू नसते. तेथे एखादा चालक जिवाच्या आकांताने आघाडीवीराला अडवत असतो, कारण एवढ्यात सर्वांना रांगेत आणणारा पिवळा झेंडा लागला तर तो आघाडीच्या गाडीच्याच फेरीत टिकतो आणि नव्या टायरवर पुन्हा लढू शकतो. मागे पडलेल्यांसाठी नियमांत दोन वाटा ठेवलेल्या आहेत. 2003 पासून प्रत्येक पिवळ्या झेंड्याच्या वेळी, एका फेरीने मागे असलेल्यांपैकी पहिल्या गाडीला गमावलेली फेरी परत मिळते. याशिवाय 2009 पासून, आघाडीच्या गाड्या पिटमध्ये गेल्या असता जे मागे पडलेले चालक ट्रॅकवरच थांबतात, त्यांना रांगेला वळसा घालून आपली फेरी परत मिळवता येते. मात्र त्या बदल्यात त्यांना जुन्याच टायरवर धावावे लागते. टीव्हीच्या पट्टीवर पहिल्या दहा नावांखाली जी पहिली गाडी ‘एक फेरी मागे’ दिसते, तिच्यासाठी लढणारे दोघे-तिघे शोधून काढावेत. मधल्या टप्प्यात बऱ्याचदा सर्वांत चुरशीची शर्यत तीच असते.

झेंडे

झेंड्यांविषयी थोडक्यात पुरेल. हिरव्यावर शर्यत सुरू होते, पिवळ्यावर सर्व गाड्या सेफ्टी कारच्या मागे रांग धरतात, लाल झेंड्यावर जागच्या जागी थांबतात, काळा झेंडा दाखवलेल्या चालकाला पिटमध्ये बोलावलेले असते, पांढरा शेवटची फेरी सांगतो आणि चौकटींचा झेंडा शेवट करतो. ठरलेल्या फेऱ्या पिवळ्या झेंड्याखाली संपू लागल्या तर शर्यत लांबवून दोन फेऱ्यांचा निकाली सामना घेतला जातो, आणि पांढरा झेंडा पडण्याआधी पुन्हा अपघात झाला तर तोही पुन्हा घेतला जातो. म्हणजे 500 फेऱ्यांची शर्यत 500 फेऱ्यांतच संपेल अशी खात्री बाळगू नये. 2017 पासून शर्यतीचे टप्पे पाडलेले आहेत. पहिल्या दोन टप्प्यांच्या शेवटी पहिल्या दहा जणांना दहापासून एकपर्यंत उतरत्या क्रमाने गुण मिळतात, म्हणून टप्पा संपण्याच्या आधीच्या दहा-पंधरा फेऱ्यांत मधल्या क्रमांकांवरचे चालकही अंगात आल्यासारखे वागू लागतात.

रीस्टार्ट: येथे डोळ्यात तेल घालून बसावे

शर्यतीतला एकच भाग पाहायला सवड असेल तर पिवळ्या झेंड्यानंतरची पुन्हा सुरुवात, म्हणजे रीस्टार्ट पाहावा. गाड्या दोन रांगांत सुटतात आणि कोणत्या रांगेत उभे राहायचे ते 2020 मध्ये आलेल्या नियमानुसार चालक स्वतः निवडतो. ट्रॅकवर रंगवलेल्या एका खुणेच्या डावीकडून गेला तर आतली रांग, उजवीकडून गेला तर बाहेरची. शेवटच्या क्षणी मन बदलून खूण तुडवली तर रवानगी थेट मागे होते.

आता हिशेब पाहा. आघाडीवीर अर्थातच आतली रांग घेतो. दुसऱ्या क्रमांकाच्या चालकाने बाहेरची घेतली तर तो पहिल्या ओळीत राहतो, पण हिरवा झेंडा पडताच आतल्या गाड्या त्याच्या दाराला लागून वळणात शिरतात आणि त्याला आत यायला फट सापडेपर्यंत चार-पाच जण निघून गेलेले असतात. त्याने आतली रांग घेतली तर तो आघाडीवीराच्या मागे, म्हणजे दुसऱ्या ओळीत जातो, आणि पहिल्या ओळीतील बाहेरची रिकामी जागा तिसऱ्या चालकाच्या पदरात पडते. आता तिसऱ्याने काय करावे? आत उभा राहिला तर तो तिसऱ्या ओळीत ढकलला जातो, बाहेर उभा राहिला तर आघाडीवीराशेजारी. पाचव्या-सहाव्या क्रमांकावरच्या नव्या टायरवाल्या चालकाला हाच जुगार अनेकदा परवडतो आणि त्यातून एका झटक्यात तीन-चार जागा मिळतातही. सर्वजण आतलीच रांग निवडू लागले, तर बाहेरची रांग आखूड होते आणि मग आठव्या क्रमांकाचा चालकही पुढल्या ओळीत उभा राहू शकतो. सेफ्टी कार पिटकडे वळण्याआधीची ही निवड चालू असताना पाणी आणायला उठू नये.

रीस्टार्टनंतर आतल्या रांगेतील गाडी आणि बाहेरच्या रांगेतील गाडी यांच्यात पहिल्या दोन वळणांत काय होते, ते पाहावे. सुरुवातीची रेषा ओलांडेपर्यंत लेन बदलण्यास मनाई आहे. त्यानंतर मात्र फट दिसेल तिथे घुसणे हाच कायदा.

पिट स्टॉप

पिटमध्ये वेगमर्यादा ताशी सुमारे 48 किलोमीटर असते आणि ती रस्त्यावर आखलेल्या रेषांमधील वेळ मोजून तपासली जाते. पिट रस्ता वळणांना वेढा घालून जातो, त्यामुळे तेथे घालवलेला वेळ लांबच लांब वाटतो. हिरवा झेंडा चालू असताना आत जाणे म्हणजे निदान एक फेरी गमावणे, म्हणून सगळे संघ पिवळ्या झेंड्याची वाट पाहत बसतात. 2022 पासून आलेल्या नव्या पिढीच्या गाडीला प्रत्येक चाकाला एकच नट असल्यामुळे भिंत ओलांडून येणारे पाच जण चारही टायर साधारण नऊ-दहा सेकंदांत बदलतात. पात्रता फेरीत अव्वल ठरलेल्याला पिटमधली जागा आधी निवडता येते आणि तो बहुधा बाहेर पडण्याच्या तोंडाजवळची पहिली जागा घेतो. पिवळ्या झेंड्याखाली सगळे एकदम पिटमध्ये शिरले की कोण कितव्या क्रमांकाने आत गेला आणि कितव्या क्रमांकाने बाहेर आला, एवढे टिपून ठेवावे. या ट्रॅकवर ओव्हरटेक करणे कठीण असल्यामुळे येथे मिळालेल्या दोन जागा ट्रॅकवरच्या पन्नास फेऱ्यांच्या बरोबरीच्या असतात.

ओव्हरटेक करणे कठीण आहे ही तक्रार 2022 नंतर अधिकच वाढली, कारण नव्या गाडीचे रुंद टायर आणि मोठे ब्रेक वळणात फार चुका होऊच देत नाहीत. 2023 मध्ये शॉर्ट ट्रॅकसाठी मागचा स्पॉयलर, म्हणजे हवेच्या दाबाने गाडी ट्रॅकला धरून ठेवणारी उभी पट्टी, चार इंचांवरून दोन इंचांवर आणला गेला आणि 2026 पासून अशा ट्रॅकवर इंजिनची ताकद 670 ऐवजी 750 अश्वशक्ती ठेवण्यात आली. माझ्या मते ताकद वाढवण्याचा निर्णय आधीच व्हायला हवा होता. ताकद जास्त असली की टायर लवकर झिजतो, आणि झिजलेल्या टायरवरच चालकाचे कसब दिसते.

धक्का, वैर आणि उट्टे

पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरला वळणाच्या तोंडाशी हलकासा धक्का द्यायचा, ती किंचित बाहेर सरकली की आतून निघून जायचे, ही येथील मान्य युक्ती आहे. धक्का किती द्यावा यावर मात्र दर हंगामात भांडणे होतात. 2018 च्या शरदातील शर्यतीत जोई लोगानो यांनी शेवटच्या वळणावर मार्टिन ट्रूएक्स ज्युनिअर यांना असाच धक्का देऊन विजय मिळवला आणि पुढे त्या वर्षीचे अजिंक्यपदही पटकावले. त्याआधी 2015 मध्ये याच लोगानोंवर पाळी उलटली होती. आघाडीवर असताना मॅट केन्सेथ यांनी, जे स्वतः अनेक फेऱ्यांनी मागे पडलेले होते, जुन्या रागाचा वचपा काढत त्यांची गाडी भिंतीवर नेऊन आदळवली. केन्सेथ यांच्यावर दोन शर्यतींची बंदी आली आणि ती शर्यत गॉर्डन यांनी जिंकली. यासाठीच मागच्या महिन्याभरात कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे शर्यतीआधी वाचून ठेवावे. भिंतीवर आदळलेला चालक पिटमध्ये गाडी दुरुस्त करून परतला, तर तो शर्यत जिंकण्यासाठी परतला आहे असे समजू नये.

आणि 30 ऑक्टोबर 2022 ची शेवटची फेरी प्रत्येकाने एकदा पाहावीच. अजिंक्यपदाच्या अंतिम शर्यतीत जाण्यासाठी रॉस चॅस्टेन यांना दोन जागा हव्या होत्या आणि ओव्हरटेक करायला वेळ उरला नव्हता. शेवटच्या दोन वळणांत त्यांनी पाचवा गिअर टाकला, ब्रेक लावण्याऐवजी गॅस दाबून धरला आणि गाडी बाहेरच्या भिंतीला घासत वळणभर तशीच जाऊ दिली. पाच गाड्या मागे पडल्या. ती फेरी 18.845 सेकंदांची, म्हणजे या ट्रॅकवर स्टॉक कारने नोंदवलेली सर्वांत वेगवान ठरली आणि डेनी हॅमलिन यांची अंतिम शर्यतीतील जागा हुकली. ही कल्पना लहानपणी खेळलेल्या व्हिडिओ गेमवरून सुचल्याचे चॅस्टेन यांनीच सांगितले. जानेवारी 2023 मध्ये नॅस्कारने सुरक्षेच्या नियमाखाली हा प्रकार दंडनीय ठरवला.

प्रत्यक्ष जायचे असेल तर

रॅली आणि शार्लट या उत्तर कॅरोलायनातील शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मार्टिन्सव्हिल दोन-सव्वादोन तासांच्या अंतरावर आहे. तिकीट काढताना खालच्या ओळी टाळाव्यात, कारण तेथून पलीकडचा सरळ भाग नीट दिसत नाही आणि रबराचे बारीक तुकडे अंगावर येतात. कानांसाठी बोळे किंवा हेडफोन अत्यावश्यक आहेत, आणि लहान मुले सोबत असतील तर त्यांना कानांवरचे मोठे कवचच घालावे. रेडिओ स्कॅनर भाड्याने मिळतो. त्यावर चालक, संघप्रमुख आणि छतावर उभा राहून आजूबाजूच्या गाड्या सांगणारा स्पॉटर यांचे बोलणे ऐकता येते. सुरुवातीला एकाच चालकाचा चॅनेल लावून ठेवावा, सतत बदलत बसल्यास कशाचाच संदर्भ लागत नाही. तेथील गुलाबी रंगाचा हॉट डॉग प्रसिद्ध आहे, पण तो मांसाहारी आहे. शाकाहारी मंडळींनी डबा सोबत न्यावा आणि कोणत्या मापाची पिशवी आत चालते ते तिकिटासोबतच्या नियमांत पाहून घ्यावे. विजेत्याला 1964 पासून चषकाऐवजी उंच लंबकाचे घड्याळ देतात, कारण हा परिसर फर्निचर बनवण्यासाठी ओळखला जात असे. समारंभानंतर ते घड्याळ पाहायला थांबावे, तोवर पार्किंगची गर्दीही थोडी ओसरते.

भारतातून पाहणाऱ्यांनी वेळेचा हिशेब आधीच करावा. अमेरिकेत उन्हाळी वेळ लागू असताना पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतो, म्हणजे तेथे रविवारी दुपारी दोन वाजता सुरू होणारी शर्यत येथे रात्री साडेअकराला सुरू होते. नोव्हेंबरमध्ये तेथील घड्याळे मागे गेल्यावर हे अंतर साडेदहा तासांचे होते. चौकटींचा झेंडा पडल्यावर लगेच निकाल पक्का झाला असेही मानू नये, कारण शर्यतीनंतर गाड्यांची तांत्रिक तपासणी होते. 2022 मध्ये त्याच शरदातील शर्यतीत ब्रॅड केसेलोस्की यांची गाडी वजनाच्या नियमात बसली नाही म्हणून बाद झाली आणि पाचव्या क्रमांकावर झेंडा ओलांडलेले चॅस्टेन अधिकृत निकालात चौथे आले. रात्री झोप आवरत नसेल तर झेंडा पाहून झोपावे आणि गुणांचा तक्ता सोमवारी सकाळी तपासावा.